लाल मानेचे किडे

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले, की चंद्रपुरात एक चमत्कारिक ऊन पडतं. पाऊस संपलेला नसतो, पण चार दिवस दडी मारून बसतो आणि तेवढ्यात ऊन आपले हात धुऊन घेतं. ओल्या जमिनीतून वाफ निघते, दोरीवरच्या कपड्यांवर कोळशाची बारीक धूळ येऊन बसते, भिंतीला हात टेकला तर हात ओला होतो. भादव्यातले हे दिवस कुणालाच आवडत नाहीत. मला तर त्यांची भीतीच वाटते. या दिवसांत मेलेली कुठलीही गोष्ट लपत नाही.

यंदा मागच्या आवारात एक घूस मरून पडली. सीताफळाच्या बुंध्याशी, आळ्याच्या कडेला. घरकामाला येणारी शोभा नाकाला ओढणी लावून म्हणाली, "फेकून देऊ का जी, मॅडम?" मी म्हटलं, "राहू दे दोन दिवस." शोभानं माझ्याकडे पाहिलं आणि भांडी घासायला बसली. पस्तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेल्या बाईचं डोकं रिटायर झाल्यावर असंच चालत असणार, अशी तिनं मनाची समजूत घातली असावी.

तिसऱ्या दिवशी तो आला. नखाएवढा, काळा, चपटा किडा, आणि मानेशी विटकरी लाल पट्टा, गेरूचं बोट ओढल्यासारखा. घुशीभोवती एक फेरी मारून तो तिच्या पोटाखाली शिरला. मी चष्मा पुसून, गुडघ्यांच्या कुरकुरीकडे दुर्लक्ष करून खाली वाकले. तोच होता. चाळीस वर्षांत त्याच्या वागण्यात काडीचा फरक पडलेला नाही.

मेलेल्या जनावरावर जगणारे हे किडे. लोक त्यांना घाण म्हणतात आणि जी खरी घाण असते ती साफ करण्याचं काम हेच करतात. वर्गात त्यांच्याविषयी मी अशी रंगून बोलायची, की नुकताच डबा खाऊन आलेल्या पोरी तोंडाला रुमाल लावायच्या. किड्यांनी माझं कधी काही वाकडं केलं नाही. वाकडं मी केलं, आणि तेही माझ्या बाबांचं. म्हणून हा एवढासा जीव दिसला की माझी मान खाली जाते.

हे घर बाबांनी बांधलं. मूल रोडच्या अंगाला तेव्हा नुकते प्लॉट पडले होते. पुढे चार खोल्या, मागे लांबलचक आवार, आवाराला कमरेएवढी भिंत. भिंतीकडेला मोगरा, कोपऱ्यात शेवगा, मधोमध नळ. बाबांना घरापेक्षा या आवाराचं कौतुक जास्त. दर रविवारी ते स्वतः खराटा घेऊन ते झाडायचे आणि मग बादलीभर फिनाइलचं पाणी टाकायचे, मोगऱ्याच्या आळ्याच्या अगदी काठापर्यंत. आई म्हणायची, "झाडाईले बी फिनाइल पाजता का आता?" बाबा हसायचे आणि टाकायचे. त्यांचे कपडे पांढरे, कडक इस्त्रीचे, नखं कायम कापलेली. मी त्यावरून त्यांची थट्टा करायची. आपल्या घरात आलं की दवाखान्यात आल्यासारखं वाटतं, म्हणायची. कशाची थट्टा करू नये हे कळण्याचं ते वय नव्हतं, असं म्हणून स्वतःला सोडवता आलं असतं. पण वीस वर्षांची होते मी, कळायला हवं होतं.

बाबा मूळचे चामोर्शीकडच्या एका खेड्यातले. छप्पन साली, अठरा वर्षांचे असताना, वस्तीतल्या माणसांबरोबर काही वाट पायी आणि काही वाट बैलगाडीत करत ते चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, आले आणि बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन परत गेले. परत गेल्यावर वस्तीनं पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. तोवर गावात कुणाचा बैल मेला की निरोप माझ्या आजोबांकडे यायचा, दोर घेऊन या म्हणून. त्या वर्षीही निरोप आला. कुणी गेलं नाही. बैल तीन दिवस गोठ्यातच पडून राहिला आणि चौथ्या दिवशी घरच्यांनीच तो ओढला म्हणे. आमच्या घरात ही गोष्ट दर वर्षी ऑक्टोबरात सांगितली जायची, आणि मला ती पाठ होती. पाठ असणं आणि कळणं यांत केवढं अंतर असतं, ते मला माझ्या विसाव्या वर्षीच्या भादव्यात समजलं.

साल ब्याऐंशीनंतरचं. जिल्हा फुटून गडचिरोली वेगळी झाली होती आणि बांधकाम खात्यातलं बाबांचं टेबल तिकडे गेलं होतं. घर मात्र इथेच राहिलं. सोमवारी सकाळच्या एस.टी.नं ते गडचिरोलीला जायचे, शनिवारी संध्याकाळी परत यायचे. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या उमाळे सरांनी त्या वर्षी प्रत्येकाला घरच्या घरी करता येईल असा एक अभ्यास करायला सांगितला. कुणी फुलपाखरं घेतली, कुणी डबक्यातले मासे, कुणी कोळ्यांची जाळी. शेवटी सरांनी विचारलं, "मेलेल्या प्राण्यावर येणारे किडे कोण पाहील?" वर्गानं एकजात नाक मुरडलं आणि मी हात वर केला. मला घाण वाटत नाही याचा मला तेव्हा भारी अभिमान होता. बेडूक चिरताना बाकीच्या पोरी डोळे मिटायच्या, मी त्यांचेही बेडूक चिरून द्यायची. सर म्हणाले, "शाब्बास. एक उंदीर पुरे होईल. खुराड्याखाली झाकून ठेव आणि रोज लिही."

उंदीर पुरे होईल, हे सरांचे शब्द. ते पुढे महत्त्वाचे आहेत म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

उंदीर ठेवला. चार दिवसांत तो संपला. किडे आले कधी, गेले कधी, मला नीट काही हाती लागलं नाही. मी हिरमुसले. आणि त्याच सुमारास, एका सोमवारी, शेजारच्या वासेकर काकूंच्या गाईचं वासरू मेलं. आठच दिवसांचं होतं. गाय सकाळपासून हंबरत होती. काकू भिंतीशी उभ्या राहून आईला सांगत होत्या, "आता याले न्याले मानूस कुठून आनू वं बाई? मालक बी कोरपन्याले गेले." आईनं ऐकलं आणि ती घरात गेली. ती का गेली, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. माझ्या डोक्यात वासरू शिरलं होतं.

मी भिंतीवरून वाकून म्हटलं, "काकू, मले द्या. माह्या अभ्यासाले पायजे."

काकूंना काय, सुटल्यासारखं झालं. मी विहिरीचा जुना दोर घेऊन त्यांच्या गोठ्यात गेले, वासराचे मागचे पाय बांधले, दोर खांद्यावरून घेतला आणि मागच्या फाटकातून ओढत आमच्या आवारात आणलं. लहान असलं तरी जड होतं. दोन वेळा थांबले. खांद्याला दोर काचला, त्याचा लाल वळ संध्याकाळी मी आरशात पाहिला आणि मला माझंच कौतुक वाटलं. शेवग्याखाली वासरू ठेवून त्याच्यावर जुन्या खिडकीची जाळी टाकली, कुत्री लागू नयेत म्हणून कडेनं दगड लावले. हात धुऊन येते तर काकू भिंतीवरून सूप पुढे करून उभ्या. सुपात तांदूळ होते.

"घे वं," त्या म्हणाल्या. "असं रिकाम्या हातानं नेऊ नये."

मी घेतले. किती चांगल्या शेजारीण आहेत, असं मनात म्हणून घेतले. आईनं सुपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तांदूळ तिनं डब्यात ओतले नाहीत. सूप तसंच दाराआड ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "बाबा येतपर्यंत काढ ते तिथून." मी म्हटलं, बरं. काढलं नाही.

ते पाच दिवस. खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते ते, आणि हेच सांगायला सगळ्यात जड जातं. नाकाला कापूर लावलेला रुमाल बांधून, पाट टाकून मी जाळीशी बसायची. पहिल्या दिवशी मुंग्या आणि हिरव्या माश्या. तिसऱ्या दिवशी ऊन उतरताना पहिला लाल मानेचा किडा उडत आला आणि धपकन जाळीवर पडला. मग दुसरा, मग एकदम सहा-सात. ते एकमेकांच्या पाठीवरून चढायचे, माश्यांच्या अळ्या पकडून खायचे, जरा सावली पडली की पोटाखाली दडायचे. मी त्यांना ओळखायला लागले होते. एकाच्या पंखाचा टवका गेलेला होता, त्याची मी रोज वाट पाहायची. भिंतीपलीकडे गाय अजून मधून मधून हंबरायची, ते मी वहीत लिहिलं नाही. वास सगळ्या कॉलनीत गेला होता. पलीकडच्या गल्लीतून सायकलवर जाणारे लोक आमच्या घराकडे पाहून तोंड फिरवायचे आणि मला वाटायचं, यांना विज्ञान कळत नाही.

शनिवारी बाबा आले. पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांना वास आला असणार. ते मागच्या दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यावरच थांबले. शेवग्याखालची जाळी तिथून दिसत होती. दोर तिथेच नळाला गुंडाळलेला होता. ते परत वळले, तेव्हा दाराआडचं सूप त्यांना दिसलं.

"हे कायचे?"

आई चुलीशी बसली होती, तिनं मान वर केली नाही. मीच सांगितलं, "काकूनं देले. वासरू नेलं म्हनून."

बाबा खाली बसले. खुर्ची जवळ होती तरी ते जमिनीवर, भिंतीला टेकून बसले. तिथूनच त्यांनी विचारलं, "बाकीच्या पोरीयले काय देलं कालेजात?"

"फुलपाखरं. मासे."

"आन तुले हे."

मग त्यांनी सरळ माझ्याकडे पाहून विचारलं, "हे तू मांगून आनलं, का त्याईनं आनाले सांगतलं?"

त्यांचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा काहीतरी समजलं. पुरतं नाही, थोडंसंच. आणि त्या क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "सरांनी सांगतलं. मोठं जनावर पायजे म्हने."

बाबा "बरं" म्हणाले आणि आंघोळीला गेले.

रविवारी त्यांनी आवार झाडलं नाही. ते मागे गेलेच नाहीत. सकाळी सूप घेऊन ते समोरच्या रस्त्यानं, कपडे करून, वासेकरांच्या पुढच्या दाराशी गेले. भिंतीवरून द्यायचं नव्हतं त्यांना. मी खिडकीत होते. "काकू, हे राहू द्या," ते म्हणत होते. "पोरगी शिकून राह्यली, तिच्या कामासाठी नेलं तिनं. याचं काई घेनं नाई." काकू गोंधळल्या. "अवो भाऊ, रीत हाये मनून देलं, वाईट नोका मानू." बाबा म्हणाले, "रीत होती." आवाज चढला नाही. काकूंनी सूप घेतलं. मला वाटतं, त्या बाईलाही तेव्हाच कळलं असेल. त्यानंतर त्यांनी बाबांना कधी परकं मानलं नाही, पण भिंतीवरून वस्तू देणं मात्र कायमचं बंद झालं.

सोमवारी बाबा गडचिरोलीला गेले नाहीत. रजा टाकली असेल असं वाटून मी कॉलेजला निघून गेले. दुपारी चारला परत आले तर वास नव्हता. म्हणजे फिनाइलचा होता. मी धावत मागे गेले. शेवग्याखालची जागा रिकामी, जाळी धुऊन भिंतीला उभी केलेली, आणि आवाराच्या पार टोकाला ताज्या मातीचा उंचवटा. मागच्या पायरीवर माझी काचेची बरणी होती. तिच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली होती. आत लाल मानेचे चार किडे होते.

मला बरणी दिसली आणि भोकं दिसली नाहीत. मला दिसलं ते एवढंच, की अभ्यास अर्धा राहिला. आठव्या दिवसापासून पुढचं सगळं कोरं. बाबा नळावर हात धूत होते. कोपरापर्यंत साबण लावलेला. मी त्यांच्यासमोर जाऊन ओरडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, म्हणजे आठवतं पण लिहवत नाही. शेवटचं वाक्य लिहिते. मी म्हटलं, "तुमाले काय समजते यातलं?"

बाबांनी नळ बंद केला. म्हणाले, "नाई समजत." मग पुन्हा नळ सुरू केला आणि पुन्हा साबण लावला.

रात्री मी न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी कॉलेजलाही गेले नाही, घरात तोंड फुगवून बसले. बाबांनी आणखी एक रजा घेतली होती. संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी ते माझ्या टेबलाशी आले, शेजारच्या लोखंडी पेटीवर बसले आणि म्हणाले, "वही काढ. लिही."

मी काढली. रागानंच काढली.

"पयल्या रोजी मुंग्या अन् हिरव्या माश्या. ते तुनं पायलंच असन. तिसऱ्या रोजी हे लाल मानेचे. आठव्या रोजापासून हे कमी होतेत. मंग यायचे पिल्लं दिसतेत, काळे, चपटे. त्याईले अळी नोको मनू. अळीले पाय नसते, यायले असते."

माझं पेन थांबलं. मी वर पाहिलं तर बाबा खिडकीकडे पाहत होते. "लिही," ते म्हणाले.

मी लिहीत गेले. लाल मानेचे गेले की बारके, केसाळ, राखी किडे येतात. ते मांसाला शिवत नाहीत, कातड्याला लागतात. पाऊस झाला तर सगळं दोन-तीन दिवस पुढे जातं. कातडं वाळत वाळत ढोलकीसारखं होतं, त्यावर काडी मारली तर आवाज येतो आणि आतले किडे एकदम थांबतात. महिन्यानं हाडं अशी साफ होतात की त्यांना वासही राहत नाही. बाबा दिवस मोजून, थांबून, मला लिहायला वेळ देऊन सांगत होते. माझा राग कधीच पळाला होता. मी पेन सरसावून वर्गात विचारावं तसं विचारत होते, "मग? पुढे?" मला आनंद होत होता. या सगळ्या प्रकरणात मी स्वतःला एक गोष्ट माफ करू शकले नाही, तर तो आनंद.

सगळं लिहून झाल्यावर मी विचारलं, "तुमाले कसं मालूम?"

"राखनीले बसवत मले," बाबा म्हणाले. "आठ-नव वर्साचा असन. मोठे मानसं येतपर्यंत ढोराले कुत्रे नाई लागले पायजे. काडी घेऊन बसाचं. पावसाळ्यातलं कातडं कामाचं नसे, मंग ते ढोर तसंच पडून राहे. हाडं वेचासाठी पाऊन यावं लागे, झाले का साफ मनून." ते उठले. "दुसरं पायाले काई नवतं तिथी."

दारापाशी जाऊन ते वळले. "माहं नाव नोको टाकू याच्यात कुठी."

"नाई टाकत," मी म्हटलं. आणि मला हायसं वाटलं, कारण टाकायचं म्हटलं असतं तर सरांना काय सांगायचं हा प्रश्नच होता.

मग मी बरणी उचलून पाहिली. झाकणाची भोकं दिसली. आत किड्यांशेजारी, कागदाच्या तुकड्यावर, सुपारीएवढा मांसाचा तुकडा होता. त्यांना खायला. तो कुणीतरी हातानं तोडून ठेवला होता. कुणीतरी काय. घरात दुसरं होतं कोण?

वही मी दिवाळीआधी दिली. विसाव्या दिवसापर्यंतची नोंद, शिवाय महिन्यानंतरची हाडं. वर ठळक अक्षरांत, निरीक्षण आणि लेखन, खाली माझं नाव. उमाळे सर पानं उलटत राहिले. "एवढं बारीक मीसुद्धा पाहिलेलं नाही," ते म्हणाले. मग वही मिटून म्हणाले, "तुझे वडील आले होते. तिचं काम पुरं झाल्यावरच तिला सांगा, म्हणाले होते, म्हणून बोललो नाही."

त्या सोमवारी. पांढरे कपडे करून. स्टाफरूमच्या दारात उभे राहून त्यांनी सरांना बाहेर बोलावलं होतं. आयुष्यात कुठल्या ऑफिसात आवाज न चढवलेल्या माझ्या बाबांनी विचारलं होतं, बाकीच्या मुलींना फुलपाखरं आणि माझ्याच मुलीला मेलेलं ढोर कसं काय?

"मी म्हटलं, अहो, तिनंच हात वर केला," सर सांगत होते. "आणि मी तर उंदीर सांगितला होता. वासराचं मला ठाऊकच नाही. ते म्हणाले, 'मंग ठीक हाये. तकलीफ देली तुमाले.' मी चहा घ्या म्हटलं तर थांबले नाहीत." सरांनी वहीवर हात ठेवला. "काही गैरसमज झाला होता का?"

मी म्हटलं, हो, गैरसमज.

म्हणजे घरी येऊन, दोर घेऊन, त्यांनी ते वासरू आवाराच्या टोकापर्यंत ओढलं, तेव्हा त्यांना माहीत होतं. छप्पन सालापासून न धरलेला दोर त्यांनी हातात घेतला, तेव्हा मुलगी खोटं बोलली हे त्यांना माहीत होतं. बरणीला भोकं पाडताना माहीत होतं. मी तुमाले काय समजते म्हटलं तेव्हाही, आणि पेटीवर बसून लिही म्हणाले तेव्हाही. सरांच्या टेबलाला धरून मी उभी होते.

कॉलेजच्या प्रदर्शनात माझ्या तक्त्याला पहिला नंबर मिळाला. बाबा आले होते. हात मागे बांधून त्यांनी पूर्ण तक्ता वाचला, वरपासून खालपर्यंत, ओळ न सोडता. मी शेजारी उभी. आता सांगू, आता सांगू, असं करत मी तक्त्याची टाचणी काढत-लावत राहिले. बाबा माझ्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "कातडं वाजते ते अठराव्या रोजी. तुनं विसाव्या लिवलं."

"बाबा," मी म्हटलं.

"अक्षर चांगलं हाये," ते म्हणाले. "चाल, आई वाट पायत असन."

त्यानंतर ते तीस वर्षं जगले. या घरात, या आवारात. तीस वर्षांत सांगायला एक संध्याकाळ मिळाली नाही असं कोण म्हणेल? रोज मिळत होती. ते झाडून फिनाइल टाकून पायरीवर बसायचे, मी चहा घेऊन जायची. वाक्य तोंडापर्यंत यायचं आणि मी म्हणायची, "साखर पुरे ना?" ते म्हणायचे, पुरे. मी तक्ता दुरुस्त केला, विसाव्याचं अठराव्या केलं, आणि पस्तीस वर्षं तो वर्गात शिकवला. मुलं लिहून घ्यायची. कुणी विचारलं, मॅडम, हे कुठल्या पुस्तकात आहे, तर मी सांगायची, पुस्तकात नाही, हे माझं स्वतःचं निरीक्षण आहे.

बाबा गेल्यावर एकदा ती वही काढली. पेनही काढलं. पहिल्या पानावर माझ्या नावाच्या वर त्यांचं नाव लिहायचं ठरवून बसले. आणि हात पुढे जाईना. नाव लिहिलं तर आठ वर्षांच्या त्या पोराला काडी देऊन पुन्हा ढोराशेजारी बसवल्यासारखं होतं, आणि त्याच जागेवरून उठून तर ते चालत चांद्यापर्यंत आले होते. नाही लिहिलं तर मी चोर. दोन्हीकडून अडकले. वही परत ठेवून दिली.

काल शोभा यायच्या आधी मी कुदळ घेतली आणि घूस पुरली. लाल मानेचा किडा मातीत दबू नये म्हणून आधी त्याला काडीनं बाजूला केला. तो थोडा वेळ तिथेच फिरत राहिला, मग उडाला. कमरेत चमक भरली, पण खड्डा हातभर खोल केला. वर बादलीभर फिनाइलचं पाणी टाकलं, मोगऱ्याच्या आळ्याच्या काठापर्यंत. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले.

या लेखातही त्यांचं नाव कुठे लिहिलेलं नाही. पण वासरू मीच मागून आणलं होतं, बाबा. सरांनी उंदीरच सांगितला होता.